अकरा नंबरची चेन

त्या शनिवारी घेतलेला एक जबाब मला आजही तोंडपाठ आहे. पुढे नोकरीत मी शेकडो जबाब लिहिले, पण इतका लहान एकही नाही. ‘सदरची चेन माझी स्वतःची आहे. माझ्या घरी कोणाला पाठवू नये.’ खाली इंग्रजीत सही.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी नवी फौजदार म्हणून रुजू झाले होते. डोंबिवलीचं नोकरदार घर, कॉन्व्हेंटचं शिक्षण आणि स्वभाव अबोल. पोलीस ठाण्यात अबोल माणसाला कडक समजतात. तो समज सोयीचा होता, म्हणून मी तो राहू दिला. स्टेशन डायरीचं मराठी मला आमच्या हवालदारांनी शिकवलं. ते निवृत्तीला आले होते. ‘मॅडम, नुसतं “सांगितले” नाही, “समक्ष विचारता सांगितले” असं लिहा,’ असं ते बशीत चहा ओतता ओतता सांगायचे.

त्या आठवड्यात शहरातल्या एका कॉलेजच्या मैदानावर महिलांची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ बास्केटबॉल स्पर्धा भरली होती. देशभरातले संघ वर्गांतली बाकं भिंतीला लावून, गाद्या घालून राहिले होते. शनिवारी सकाळी उपांत्य सामने झाले. अंतिम सामना रविवारी दुपारी चारला होता आणि त्यात आपल्या यजमान विद्यापीठाच्या मुली पोहोचल्या होत्या.

शनिवारच्या दुसऱ्या सामन्यात दक्षिणेकडच्या एका संघातली मुलगी जोरात पडली आणि तिचं मनगट मोडलं. हॉस्पिटलात ऑपरेशनआधी सिस्टरने दागिने काढायला सांगितले, तेव्हा तिच्या मॅनेजर बाईंच्या लक्षात आलं, की पोरीच्या गळ्यात रोजची सोन्याची चेन नाही. मुलगी इंजेक्शनच्या गुंगीत होती. बाई त्या वर्षीच नव्याने संघाबरोबर आल्या होत्या. घाबरून त्या थेट आमच्याकडे आल्या. त्यांना फक्त इंग्रजी येत होतं. साहेबांनी मला बोलावलं. ‘तुमचं इंग्लिश चांगलंय. बघा जरा.’

मी त्यांचा तक्रार अर्ज घेतला आणि कॉलेजवर गेले. सगळे वर्ग उघडेच असायचे, कोणीही कुठेही जात होतं. तासाभरात स्पर्धेची एक स्वयंसेविका मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘मॅडम, माझं नाव नको. पण सकाळी पाण्याच्या टाकीमागे आपल्या टीमची अकरा नंबर सोन्याची चेन रुमालात बांधत होती. मला बघून दचकली.’

अकरा नंबर म्हणजे यजमान संघाची सगळ्यात भरवशाची खेळाडू. बाळकुमकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकायची. महिला शिपायाने दोन साक्षीदार पंचांसमोर तिची बॅग तपासली. चपलांच्या पिशवीत, रुमालाच्या गाठीत चेन निघाली. जाड, जवळपास दोन तोळ्यांची. मॅनेजर बाई म्हणाल्या, ‘अशीच होती. अशीच वाटते.’

इथे मला एक कबूल करायचं आहे. अंगावर धुऊन विटलेला टी-शर्ट असलेल्या मासळीवालीच्या मुलीकडे एवढं सोनं कुठून येणार, हा विचार माझ्या मनात आला. ठाणे जिल्ह्यात वाढून मला हे माहीत नव्हतं, की कोळी घरात बँकेचं पासबुक नसेल, पण बाईच्या गळ्यात सोनं असतंच. कोणत्याही बाजारात पाच मिनिटं उभी राहिले असते, तरी दिसलं असतं.

मी तिला ठाण्यात आणलं. तिच्या प्रशिक्षक मॅडम हात जोडून मागे येत होत्या. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

‘चेन कोणाची?’

‘माझी.’

‘पावती?’

‘घरी असेल.’

‘मग घरी माणूस पाठवते.’

तोपर्यंत ती माझ्याकडे सरळ बघून बोलत होती. हे ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. ‘घरी नको, मॅडम. काय पण करा, घरी नको.’

‘का?’

‘नको ना, मॅडम,’ एवढंच ती पुन्हा म्हणाली. मी जरा आवाज चढवला, तरी तेवढंच. मला शिकवलेलं होतं, की ज्या प्रश्नाला माणूस बिचकतो तिथेच गुन्हा असतो. मी तिचा दोन वाक्यांचा जबाब आणि पत्ता लिहून घेतला.

हवालदार मला दाराशी घेऊन गेले. ‘मॅडम, दोन तास थांबू. हॉस्पिटलातली पोरगी सहापर्यंत शुद्धीवर येईल, डॉक्टर म्हणालेत. तिलाच विचारू. गणवेशातला माणूस वाड्यात गेला, की सगळा वाडा मागे येतो.’

‘पडताळणी लगेच व्हायला हवी,’ मी म्हणाले. हे वाक्य मी मनात आधी इंग्रजीत जुळवलं होतं, हेही आठवतं. शिपाई सायकल घेऊन निघाला.

साडेपाचला आई आली. बाजारातून तशीच आली होती, हाताला बर्फाचा गारठा होता. तिने काही न विचारता स्वतःच्या गळ्यातली चेन काढून टेबलावरच्या चेनीशेजारी ठेवली. दोन्ही एका घडणीच्या, एकाच सोनाराचा शिक्का. मग कमरेच्या बटव्यात जपून ठेवलेली सोनाराची चिठ्ठी काढली.

‘माजी पोर चोर नाय,’ ती म्हणाली. ‘साखरपुड्याला दिलीय ही. गल्यान घाल सांगितलं, तं ही रुमालान बांधून फिरते.’ मग मुलीकडे वळून, ‘आणि तू कॉलेजला परीक्षा हाय म्हणालीस! चड्डी घालून बॉल खेलतेस, ते त्या शिपायाच्या तोंडून ऐकायचं आमी? उद्या पावनं येतान तारीख धरायला. काय सांगू त्यांना, आमची पोर ठेशनान बसली होती?’

मुलगी खाली मान घालून उभी होती. घरातून निघताना चेन घालावी लागायची, आणि कोर्टवर अंगावर कोणताही दागिना चालत नाही. म्हणून रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागे तो रुमाल. एवढाच तिचा गुन्हा होता.

सहा वाजता हॉस्पिटलातून मॅनेजर बाईंचा फोन आला. आवाज ओशाळलेला. मुलगी शुद्धीवर आली होती. त्यांच्या संघाची जुनी सवय अशी, की सामन्याआधी सगळ्यांचे दागिने क्रेप बँडेजमध्ये गुंडाळून प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवायचे. नव्या बाईंना ते कोणी सांगितलं नव्हतं. पेटी दिवसभर त्यांच्याच पायाशी होती.

सामन्याआधी तुम्ही दागिने कुठे ठेवता, हा प्रश्न मी एकाही खेळाडूला विचारला नव्हता.

मी आईची माफी मागितली. तिने हात झटकला, बास एवढंच. प्रशिक्षक मॅडम तिच्यासमोर वाकून सांगत होत्या, ‘मावशी, उद्या खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीसाठी निवड करणारे येतायत. तिलाच बघायला येतायत. एक दिवस द्या.’

‘आता कसला दिवस? वाड्यान समद्यांना कललं.’

मी कागद आणायला आतल्या खोलीत गेले, तेव्हा मुलगी मागे आली. हळू आवाजात, भराभर बोलली. ‘मॅडम, चेन उद्यापर्यंत तुमच्याकडे ठेवा ना. तपास चालू आहे म्हणा. गळ्यात चेन नसली, तर आई पाहुण्यांना उद्या येऊ नका म्हणून कळवेल, लाज वाटेल तिला. दिवस मोकळा मिळाला, की मी येते. मॅच चारला आहे. नोकरी लागली, तर लग्नाचं पण थांबवता येईल. एकच दिवस, मॅडम.’

हवालदार कपाटाशी होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘साहेब घरी गेलेत. अर्ज सोमवारी त्यांच्या सहीने निकाली काढला, तरी चालतं.’

त्या वेळी मला दोन्ही बाजू दिसत होत्या, हे मी नाकारणार नाही. पण दिवसभर मी चुकले होते. आता एक तरी गोष्ट नियमाने करावी, असं मला फार वाटत होतं. मी म्हणाले, ‘असं करता येत नाही. तुमची वस्तू विनाकारण अडकवून ठेवता येत नाही.’

तिने पुन्हा विचारलं नाही. बाहेर आईने चेन उचलली. मुलीने सवयीने वेणी वर धरली आणि आईने मागे फासा लावला.

‘आता काढायची नाय.’

‘नाय काढत.’

रविवारी अंतिम सामन्याचा बंदोबस्त माझ्याकडेच होता. सामन्याआधी पंच मुलींचे गळे, कान, बोटं तपासत होते. आपल्या अकरा मुली रांगेत उभ्या होत्या. बाराव्या खुर्चीवर अकरा नंबरची घडी घातलेली जर्सी ठेवली होती. आपला संघ तीन गुणांनी हरला. प्रशिक्षक मॅडम माझ्यासमोरून गेल्या, त्यांनी नमस्कार केला. रागाने बोलल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. पुढच्या महिन्यात हवालदार म्हणाले, ‘लग्न झालं तिचं. कॉलेज सुटलं.’ मी मान हलवली आणि डायरी पुढे ओढली.

पुढच्या नोकरीत नव्या अधिकाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगत आले. वस्तू हरवली, की आधी ती रोज कुठे ठेवली जाते ते विचारा. आणि माणूस घरी कळवू नका म्हणाला, तर त्यामागे गुन्हाच असेल असं धरू नका. घरापासून त्याने एवढंसं काहीतरी जपून ठेवलेलं असू शकतं. ते मान हलवायचे, वहीत लिहून घ्यायचे. तिसरी गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण ती नियमात बसवून कशी सांगायची, ते मला अजून जमलेलं नाही.

त्या संध्याकाळी चेन परत मिळाल्याची पावतीही मीच त्या मुलीकडून लिहून घेतली. मी एकेक शब्द सांगत होते आणि ती सुवाच्य अक्षरात लिहीत होती. ‘माझी चेन मला सुस्थितीत परत मिळाली. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ खाली तीच इंग्रजी सही.

दुपारच्या जबाबातली दोन वाक्यं तिची होती. ही दोन्ही माझी.