हातामागचं घर

धरणाचं पाणी चढायच्या आदल्या दिवशी काकांनी आमच्या गावाची फिल्म काढली होती, जेमतेम तीन मिनिटांची. परवा ती नव्या गावठाणात पडद्यावर लावली. बायका विहिरीची ओटी भरून तिचा निरोप घेत होत्या आणि नऊ वर्षांची मी कॅमेऱ्यापुढे हात नाचवत होते. आई मागे ओढायची, मी पुन्हा पुढे. गाव बुडालं, फिल्मचे रंग विटले, आई गेली. माझा आगाऊपणा मात्र जसाच्या तसा टिकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या जुन्या शेजारीण सखूआत्या पडद्याजवळ सरकल्या. त्यांचं घर नेमकं माझ्या हातामागे होतं. पडद्यावरच्या मला त्या हळूच म्हणाल्या, “पोरी, हात खाली घे गं जरा.”