चहातली अंडी आणि बंद दार

"आंटी, कम, कम! ऑल लाइक युवर एग!" लिनसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हसत होते. मी हात पुसले आणि बाहेर गेले. जायला नको होतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. लिनसाहेब तैवानचे. एमआयडीसीत मशीन बसवायला आले आणि नोकरी सोडून नगरलाच राहिले. सावेडीत एका बंगल्याच्या पुढच्या खोल्या भाड्यानं घेऊन त्यांनी तैवानी कॅफे काढला. शांत रस्ता, झाडं भरपूर, गिऱ्हाईक स्कूटरवरून येणारं. लोक त्याला चायनीजच म्हणायचे. गल्ल्यावर बुद्धाची लहान मूर्ती होती. बायका म्हणायच्या, किती शांत चेहरा आहे.

मी तिथं कुक. शिक्षण चौथी. नवरा वारलेला, मुलगी डी.एड.ला. चहातली अंडी ही आमची स्पेशल डिश. अंडी उकडायची, चमच्यानं टरफल तडकवायचं, पण सोलायचं नाही. मग चहा, सोया सॉस आणि चक्रीफूल घातलेल्या पाण्यात मंद गॅसवर ठेवायची. सोलल्यावर पांढऱ्यावर तपकिरी नक्षी उमटलेली असते.

त्या रविवारी त्याच नक्षीचं कौतुक चाललं होतं. टेबलावर नेहमीचं कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही करता होय? हाताला छान चव आहे! गाव कुठलं?"

"घोडेगाव."

"अगंबाई, आमचे पाहुणे आहेत तिथं. बाजारतळाच्या अलीकडं की पलीकडं?"

तोंडानं न विचारता जात काढायची ही आपल्याकडची रीत. मला ती कळत होती.

"पलीकडं. बुद्धविहाराला लागून."

बाईंनी अर्धं अंडं बशीत ठेवलं. नवरा म्हणाला, "बिल आणा." साहेब मागं मागं जाऊन विचारत राहिले, "नो गुड? नो गुड?"

पुढच्या रविवारी टेबलं रिकामी. त्याच्या पुढच्याही. मग बंगल्याचे मालक आत आले; त्यांना सगळे काका म्हणायचे.

"मावशी, कुणी विचारलं तर जाधव सांगा. जाधव सगळ्यांत असतात. आणि गाव लांबचं सांगा."

"या वयात बाप बदलू व्हय, काका?"

"मग याला जागा सोडावी लागेल. भाडं कुठून देणार हा?"

साहेबांना काहीच उमजेना. मूर्तीकडं बोट दाखवून म्हणाले, "आंटी बुद्ध, आय बुद्ध. व्हॉट प्रॉब्लेम?" काकांनीच तोड काढली. त्यांचा पुण्याचा भाचा घरी बसून होता. त्याला कुकची पांढरी टोपी घालून काउंटरवर उभं करायचं. स्वयंपाकघराचं दार बंद. आत मी.

साहेब खाली मान घालून सांगायला आले. मी एकच विचारलं, "पगार तोच?"

"सेम, आंटी."

"मग लावा दार."

भाच्याला अंडं उकडता येत नव्हतं. पण गिऱ्हाईक परत आलं. त्याच बाईंचा आवाज मी दाराआडून ऐकला, "आता कशी चव आली! आधीच्या बाईला जमतच नव्हतं."

पुढं साहेब कॅफे बंद करून मायदेशी गेले. मी सावेडीतच दुसऱ्या हॉटेलात काम मागायला गेले. म्हटलं, त्या कॅफेतली चहातली अंडी मी करायचे. मॅनेजर हसला.

"काय मावशी! ती पुण्याचा माणूस करायचा. मी सोता खाल्लीत, त्याला बघितलंय. भांडी घासणार का बोला."

घासली. मुलीचं डी.एड. पुरं झालं.

काम धरताना पगार विचारावाच. काम कुणाच्या नावावर जाणार, तेही विचारावं.