केशरबाईनं अडवलेला आवाज

केशरबाईच्या अंगात वारं यायचं, तेव्हा सगळी वस्ती तिच्या पाया पडायची. आष्टी तालुक्यातल्या त्या वस्तीवर पौर्णिमेला तिच्या ओसरीत बायांची दाटी व्हायची. तिचे पाय थरथरू लागायचे, केस सुटायचे आणि तिच्या तोंडून भलतंच कुणीतरी बोलायचं. कधी देवी, कधी कुणाची मेलेली सासू. शुद्धीवर आल्यावर तिला काही आठवायचं नाही. काय बोलली ते बायाच सांगायच्या.

एका हंगामात ती ऊसतोडीला गेली. शेजारच्या पाचटाच्या कोपीत बायडाबाई नावाची ख्रिस्ती बाई राहायची. चुलीपुढं बसून तिनं येशूची गोष्ट सांगितली. केशरबाईच्या मनाला त्यातली एकच गोष्ट चिकटली : हा देव अंगात शिरून माणसाला फरफटत नेत नाही, हाक मारतो आणि वाट बघतो. ती परतली ती बाप्तिस्मा घेऊनच. पौर्णिमेची बैठक मोडली. रविवारी दार सताड उघडं टाकून ती मोठ्यानं प्रार्थना करू लागली आणि येईल त्याला येशूबद्दल सांगू लागली.

"वारं व्हतं तवा घरात नारळ तरी यायचे," नवरा आश्रुबा कुरकुरला. "आता चटणीला खोबरं न्हाई."

पारावर त्याचा दोस्त समाधान त्याला चिडवायचा, "काय रं आश्रुबा, वहिनीनं कंपनी बदलली म्हणं!"

बाया मात्र लिंबू घेऊन यायच्या थांबल्या नाहीत. एकीनं तर विचारलं, "आक्का, येशूचं वारं कोन्त्या वारी येतंय?"

"येशूचं वारं नसतंय गं बयांनो," केशरबाई म्हणाली. "त्यो शुद्धीवरच्या माणसाशी बोलतोय."

कुणाला भ्यायची नाही ती. फक्त एक घर टाळायची, विमलचं.

विमलची शाळकरी पोर तेजश्री पाणी शेंदायला गेली आणि पाय घसरून मळ्यातल्या विहिरीत बुडाली. त्यानंतरच्या पौर्णिमेला केशरबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला होता : 'आये, मी हितंच हाय. मला लई गार लागतंय.'

तेव्हापासून विमल विहिरीत गोधड्या सोडायची. पाण्यातल्या आसरांना दहीभात ठेवायची आणि हळूच एक गोधडी पाण्यावर पसरायची. ती भिजत, जड होत खाली जाईपर्यंत वाकून बघत राहायची.

चैतात एके दिवशी विमलचा नवरा अर्जुनराव केशरबाईच्या दारात आला. पोरगेला दिसणारा तो माणूस वर्षभरात वाळून गेला होता.

"आक्का, घरातल्या गोधड्या सरल्या. काल म्हणती, आता मीच जाऊन पोरीला पोटाशी धरते."

केशरबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

"येकच कर," तो म्हणाला. "येकदा वारं येऊ दे. खोटं का आसंना. तेजूच्या आवाजात म्हण, आये, तू येऊ नको. ती आयकंल. तुझ्या येशूला काय कळतंय?"

एका खोट्यानं बाई वाचणार होती. केशरबाईनं सूप भिंतीला टेकवलं. चपला घातल्या आणि त्याच्या मागं निघाली.

भर दुपार होती. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. विमल काठावर बसली होती, पाय आत सोडून. पाणी पार तळाला गेलेलं आणि त्यावर एका गोधडीचा लाल काठ तरंगत होता.

केशरबाई तिच्या शेजारी टेकली आणि तिचा दंड धरला.

"आलीस?" विमल म्हणाली. "येऊ दे तिला, आक्का. येकदा बोलू दे."

आणि केशरबाईचे पाय थरथरू लागले. किती दिवसांनी! तळातून गारवा वर चढावा तसं काहीतरी पोटातून गळ्याशी आलं. आवाज तयार होता. जीभ सैल सोडली की झालं. मागं अर्जुनराव हात जोडून उभा होता.

"येशू," ती दात आवळून म्हणाली. "येशू, धर मला."

मग श्वास घेऊन म्हणाली, "विमल, त्या दिवशी माझ्या तोंडातून कोण बोललं मला ठावं न्हाई. पर ती तेजू न्हवती."

"खोटं! 'आये' म्हणली ती मला."

"म्हणली आसंल. तरी तेजू हितं न्हाई. तिला गार लागत न्हाई. माझा येशू बी दोस्ताच्या मैताला रडला, बाई. मग त्यानं त्याला नावानं हाक मारली आन थडग्यातून उठवलं. तुझ्या तेजूला बी त्योच हाक मारंल. आपुन पाण्यात वाकून हाक मारायची न्हाई."

"आन न्हाई मारली तर?"

"मारंल. मी माझा जीव त्याच्यावर टाकलाय."

"तुझा जीव," विमल म्हणाली. "माझी पोर हाय ती."

केशरबाईच्या गळ्यात तो आवाज अजून धडका देत होता.

"म्हंजे ती गेली," विमल म्हणाली. मैताच्या दिवशीही हे तिच्या तोंडून निघालं नव्हतं. मग तिनं असा हंबरडा फोडला की बांधावरच्या शेळ्या बुजल्या. अर्जुनरावानं काखेत हात घालून तिला मागं ओढलं. तिनं वळून केशरबाईच्या थोबाडीत मारली.

"दुसऱ्यांदा मारलीस माझी पोर! तू बी आन तुझा येशू बी!"

पण ती घराकडं चालत गेली, स्वतःच्या पायांनी.

केशरबाई दुसऱ्या दिवशी विमलच्या दारात गेली. दार उघडलं नाही. गल्लीतल्या बाया बघत होत्या. तिनं उंबऱ्याबाहेर बसकण मारली आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली, आत ऐकू जाईल अशी. मधेच पाय थरथरले की ती ते हातांनी दाबून धरायची. आत विमल रडत होती, आणि अर्जुनराव तिला भाकरीचा घास खायला सांगत होता.