तानूबाईंची स्प्रिंग आणि देवव्रतची भिंत

पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तानूबाई जाधव सव्वीस वर्षं एकच काम करत आल्या: बॅटरीच्या स्प्रिंगा तपासणं. खोका उघडायचा, मूठभर उचलायच्या, वजनाखाली दाबायच्या. पूर्ण उसळल्या की खोक्यावर शिक्का. शिक्क्यात त्यांचं नाव. ते नाव आजवर कुणी परत पाठवलं नव्हतं.

यंदा पाठवलं. रक्तातली साखर मोजायची यंत्रं करणारी आणि त्यांत या स्प्रिंगा बसवणारी इलेक्ट्रॉनिक सिटीतली एक कंपनी. तिची चारशे यंत्रं गिऱ्हाइकांनी परत केली. बॅटरी नवीकोरी, यंत्र मेलेलं. कंपनीनं घरबसल्या निदान केलं: स्प्रिंग कमजोर, तपासणी ढिसाळ. कारखान्याचे कानडी मालक गिरीराज कागद फडफडवत आले. "अक्का, स्वल्प सही करा. चूक झाली म्हणा, ऑर्डर वाचेल."

"चूक कुणाची?"

"कुणाची का असेना! सही तुमची."

"आधी यंत्र दाखवा. सहीचं मागनं बघू."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या काचेच्या थंडगार खोलीत देवव्रतनी पडद्यावर बत्तीस चित्रं दाखवली. हे यंत्राचे डिझायनर. मूळचे पुण्याचे, त्यामुळे चूक आपली असेल ही शंका त्यांच्या वाटेला सहसा जात नसे. "मॅडम, बेसिकली स्प्रिंगचा फोर्स कमी पडतोय."

"परत आलेलं यंत्र द्या की हो."

आलं ते लख्ख पुसलेलं. "आतला कचरा काढूनच आम्ही टेस्ट करतो," देवव्रत ऐटीत म्हणाले. "लोक काहीही कोंबतात. चॉकलेटचा चंदेरी कागदसुद्धा!"

तानूबाईंनी मान वर केली. "न पुसलेली आहेत?"

पेटीभर होती. त्यांनी एकेक उघडली. कागद होता, आणि प्रत्येकात एकाच जागी: बॅटरीच्या अधिक टोकाशी.

"माझी स्प्रिंग कुठल्या बाजूला, अण्णा?"

"मायनसला."

तानूबाईंनी कागद काढून स्प्रिंगेखाली कोंबला. यंत्र ढिम्म. परत अधिक टोकाशी ठेवला. यंत्र चालू झालं. मग त्यांनी बोट आत घालून चाचपलं. अधिक बाजूचा पत्रा दोन प्लॅस्टिकच्या भिंतींमध्ये खोल लपलेला.

"ही भिंत कशाला?"

"बॅटरी उलटी घातली तर पत्र्याला टेकू नये म्हणून. आमचं खास फीचर आहे."

"उलटी घालणाऱ्याला अडवलंत, सरी, बरं केलंत. सुलटी घालणाऱ्यानं काय पाप केलं? या बॅटरीचं टोक आखूड. भिंतीलाच अडतंय, पत्र्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून लोक कागदानं फट भरतात."

"पण आमच्या लॅबमधल्या बॅटरीचं..."

"लांब आहे. आणि लोक बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतात, तुमच्या लॅबमधून नाही."

सोबत आलेले गिरीराज कॉफीच्या कपात डोकं खुपसून बसले होते.

कंपनीनं भिंती तासल्या. देवव्रतनी 'वापरणाऱ्याचं मन ओळखा' या विषयावर सहकाऱ्यांना तासभर व्याख्यान दिलं आणि टाळ्या घेतल्या. पीण्याला पत्र आलं: परस्परांकडून शिकण्याची संधी मिळाली, पुढचा माल तातडीनं पाठवा.

"माझ्या तपासणीत दोष नव्हता, हे कुठल्या ओळीत आहे?" तानूबाईंनी विचारलं.

"अक्का, मोठी माणसं असं थेट लिहीत नाहीत."

"सरी. मग मीही थेट शिक्का मारत नाही."

खोके चार दिवस पडून राहिले. गिरीराज रोज तीनदा येऊन उसासा टाकून जात. पाचव्या दिवशी एका ओळीचं पत्र आलं. इंग्रजीत, जेमतेम, दात ओठ खाऊन लिहिल्यासारखं. तानूबाईंनी ते गिरीराजना सगळ्या मशीनवाल्यांच्या देखत मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा. मग चष्मा पुसला आणि पहिला खोका ओढला.