बिनआहेराचे दादा

दादा लग्नाला यायचे, पंगतीत पोटभर जेवायचे, नवरानवरीवर अक्षता टाकायचे. पण कोणी टॉवेल-टोपी घेऊन पुढे आला की हात पाठीमागे बांधायचे. यजमान म्हणायचा, "घ्या हो दादा, मानाचं आहे." मग दादा टॉवेलाचं एक टोक उलटं करून शिक्का बघायचे, टोक सोडून द्यायचे आणि म्हणायचे, "माका नको." करी रोडच्या आमच्या चाळीत त्यांना बिनआहेराचे दादा म्हणायचे ते यामुळे.

आम्ही एकाच गिरणीत. ते साच्यावर कापड विणायचे, मी सूतखात्यात. ते मालवणकडचे, मी घाटावरचा. "घाट्या, तुझ्या सुतात गाठी किती रे," हे त्यांचं रोजचं, आणि "विणता येत नसलं की सूत वाईट," हे माझं रोजचं. माझी शाळा चौथीत संपली, त्यांची दुसरीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे इतिहासाच्या चुका काढायला कोणी बसायला नको. मला कळलं ते मी लिहितो, आणि ते बरोबर आहे.

कापड घेणं दादांनी सोडलं ते गिरण्यांच्या मोठ्या संपाच्या आधी, एका अभ्यासवर्गात. पाळी सुटल्यावर व्यायामशाळेत वर्ग भरायचा. दादरहून कॉलेजातले एक सर यायचे. अर्धे लोक पेंगायचे, मी पण. त्या दिवशी सरांनी भिंतीवर खडूनं तीन टिंबं काढली. एक इंग्लंड, एक आफ्रिका, एक अमेरिका. म्हणाले, इंग्रज आधी राज्य करायला निघाला नव्हता, तो नफ्याला निघाला होता. माल स्वस्त हवा, मग तो राखायला शिपाई हवेत, मग शिपाई पोसायला सारा हवा, असं करत करत राज्य झालं. आणि त्या मालात मोठा वाटा आपल्या कापडाचा. इथल्या विणकरांचं कापड कंपनी घ्यायची, विलायतेला न्यायची. तिथून ते आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचं. तिथे ते देऊन माणसं घ्यायचे. ती माणसं जहाजात कोंबून अमेरिकेला, उसाच्या नाहीतर कापसाच्या मळ्यात. साखर आणि कापूस परत विलायतेला. त्या कापसावर तिकडच्या गिरण्या चालल्या आणि त्यांच्या कापडानं आपल्या विणकरांचे माग बसले.

दादा पेंगत नव्हते. त्यांनी विचारलं, "सर, एका माणसाक किती वार?"

कोणीतरी हसलं. सर म्हणाले, "ठरलेलं नसायचं. भाव वर-खाली व्हायचा."

"आणि ज्यान विणला, त्येका ठावक होता? आपला कापड खंय जाता ता?"

"त्याला कोण सांगणार?" सर म्हणाले.

दादा खाली बसले. घरी येताना मी म्हणालो, "दादा, तो विणकर काय पाप करायला बसला होता का? पोटासाठी विणलं बिचाऱ्यानं." दादा चाळीच्या जिन्यापाशी थांबले. मग म्हणाले, "मी पण पोटासाठीच इणतंय."

दुसऱ्या दिवशी ते घडीखात्यात गेले. तिथे तयार कापडाच्या घड्या घालून गठ्ठे बांधायचे. कारकुनाला विचारलं, हा माल कुठे जातो. कारकून म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय? पगार मिळतो ना?" दादांनी त्याच्याशी वाद घातला नाही. गठ्ठ्यांवर इंग्रजीत छापलेलं असायचं, ते एकेक अक्षर विचारत विचारत वाचायला शिकले. मलाही शिकवायला बघत होते. मी म्हणालो, गोऱ्याची अक्षरं मला नकोत. खरं सांगायचं तर ती डोक्यात शिरत नव्हती.

तेव्हापासून कापड दिसलं की टोक उलटायचं, कुठून आलं, कुठे चाललं ते वाचायचं. देणंही बंद, घेणंही बंद. लग्नाला तांब्याचा लोटा देतील, गावचे नारळ देतील, कापड नाही. वहिनी चिडायच्या. "गिरणीत दिवसभर कापडच इणतत आणि बायलेक शेजारणीकडे खणाक जावक देणत नायत." दादांचं उत्तर ठरलेलं. "कापड देणारो मागल्याशिवाय रवणा नाय."

चाळ हसायची. मीही हसायचो. पण मंगलच्या लग्नात हसण्यासारखं काही राहिलं नाही.

मंगल त्यांची एकुलती एक. स्थळ परळचं, मुलगा चांगला. व्याह्यांनी हुंडा मागितला नाही, फक्त मानपान: सासूला शालू, सासऱ्याला कोट, नणदांना साड्या. दादांनी समई दिली, हंडा दिला, परात दिली. कापडाचा एक तुकडा दिला नाही. मांडवात सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "भांडी घासायला दिलीत होय? लेकीच्या सासूला एक लुगडं जड झालं." मंगलनं मुंडावळ्यांमधून बापाकडे बघितलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

मी दादांना मांडवामागे नेलं. म्हणालो, "पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. सोडा हो हट्ट." त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "घाट्या, मंगल माझो माल नाय. कापड देवन माका तिका कोणाच्या दारात उतरवची नाय."

मी म्हणालो, "हे तिला जाऊन सांगा."

"कळात तिका," ते म्हणाले.

तिला कळलं नाही. तिला टोमणेच कळले. सणाला यायची, बसायची, बापाशी मोजकं बोलायची. दादा तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला जायचे, दोघं शेजारी चालायची, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

गिरणी गेली. वहिनी गेल्या. चाळ पडली आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. दादांना एकोणिसावा मजला, मला अकरावा. ते संध्याकाळी खाली उतरून माझ्याकडे यायचे. मागच्या वर्षी असेच आले आणि म्हणाले, "मी गेल्यार माझ्यार कोणाचा कापड घालूक देव नको. माझा मी घेवन ठेवलंय, ट्रंकेत." मी म्हणालो, "बरं." मी दिलेला शब्द आजवर मोडलेला नाही, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे.

पावसाळ्यानंतर ते गेले. तिरडी खाली पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधल्या जागेत बांधली. ट्रंकेतलं पांढरं कापड मीच काढून त्यांच्यावर घातलं. नातेवाईक आपापली कापडं घेऊन आले होते. मी आडवा उभा राहिलो. "फुलं घाला, कापड नाही." एक पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही कोण?" मी जागचा हललो नाही. तो पुटपुटत मागे झाला.

शेवटी मंगल आली. हातात नवी कोरी चादर. केस पांढरे झालेत तिचे, पण नजर तीच, मांडवातली.

"काका, बाजूला व्हा."

"मंगल, त्यांनी सांगितलंय."

"आयुष्यभर त्यांचंच ऐकलं ना मी. तुम्हीही त्यांच्यासारखेच हट्टी, तुम्हाला काय वाटणार?"

मग मी तिला मांडवामागचं बोलणं सांगितलं. दादांच्या शब्दांत, जसंच्या तसं. माझो माल नाय, म्हणाले होते. मंगल चादर मांडीवर घेऊन बापाशेजारी लादीवर बसली.

"हे मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुला कळेल म्हणाले."

तिनं बापाच्या कपाळावर हात ठेवला. म्हणाली, "काका, मला काही मागायचं नाही त्यांच्याकडे. नुसतं घालते."

मी बाजूला झालो. शब्द मोडला असं कोणाला म्हणायचं तर म्हणू दे. देणारा मागतो म्हणून दादांना कापड नको होतं, आणि ही मागत नव्हती.

तिनं चादरीची घडी उघडली तेव्हा दादांच्या सवयीनं मीच टोक उलटलं. इंग्रजी अक्षरांचा एक कागद चिकटवलेला होता. मी तो नखानं हळूहळू सोलून काढला आणि खिशात ठेवला. मग आम्ही दोघांनी ती चादर त्यांच्यावर घातली.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. कुठून आलं होतं ते कापड, मला वाचता येत नाही. ज्यांना येत होतं त्यांच्यावरच ते घातलं.