संतपदाला पोचलेला गुडघा

चंदीगडच्या आमच्या चर्चमध्ये मला संत मानतात. घरी या बातमीची अजून कोणी दखल घेतलेली नाही.

झालं असं की माझे सासरे, म्हणजे मामा, श्रीरामपूरहून महिनाभर चंदीगडशेजारी झिरकपूरला आमच्याकडे राहायला आले. वय चौऱ्याहत्तर. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, सगळे गुडघ्यांवर गेले की मामाही जायचे, पण मागच्या बाकाची कड हळूच बुडाखाली घ्यायचे. अर्धे देवाचे, अर्धे बाकाचे! मी (वय एकोणपन्नास, वजन विचारू नका) दोन रविवार हे सहन केलं. तिसऱ्या रविवारी चर्चला जाताना गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, मामांना पळायला जागा नव्हती, तेव्हा मी चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं. कणा ताठ हवा, नजर वेदीकडे हवी, आणि बाकाला टेकून केलेली प्रार्थना म्हणजे स्टँडवर एसटीची वाट बघणं. मामा खिडकीबाहेर बघत "बरोबर आहे" म्हणाले. बायकोनं रेडिओचा आवाज वाढवला, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

धडा प्रत्यक्ष दाखवावा म्हणून मी सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवलं. ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर आलो, गुडघे टेकले, डोळे मिटले आणि माझी नेहमीची खाजगी मागणी मांडली: प्रभू, नाशिकला बदली. तेवढ्यात फादर शेवटच्या प्रार्थनेला उभे राहिले. अख्खं चर्च उठलं. माझा उजवा गुडघा उठला नाही!

नाशिक तातडीनं रद्द करून मी गुडघ्यासाठी प्रार्थना सुरू केली. आशीर्वाद झाला, शेवटचं गाणं झालं, मी तसाच.

मामा कानाशी वाकले. "जावईबापू, मागं बाक आहे. टेका थोडं."

चाळीस मिनिटांचं व्याख्यान आठवून मी नकारार्थी मान हलवली. "मग चालू द्या तुमचं," म्हणून ते बाहेर चहा प्यायला गेले. बायकोही गेली.

कळ अशी की डोळ्यांतून धारा लागल्या. त्या पाहून एक पंजाबी आंटी माझ्याजवळ येऊन बसल्या. "बेटा जी, ऐसी भक्ती नहीं देखी. मेरे बेटे का कॅनडा का वीजा अटका है, आपकी दुआ लगेगी." मी "देवा!" म्हणून कण्हलो. त्या "आमेन" म्हणाल्या. त्यांच्या मागे आणखी चारजण येऊन थांबले. चहा संपवून मामा आले आणि फादरांच्या मदतीनं त्यांनी मला उचललं.

महिन्याभरात त्या मुलाचा व्हिसा आला. आता दर रविवारी आंटी माझ्यासाठी पहिली रांग धरून ठेवतात आणि मागे नवे व्हिसावाले बसतात. मुलगा कॅनडात पोचलाही, मी झिरकपुरातच आहे. गुडघे टेकायचे नाहीत असं डॉक्टर म्हणतात, पण संतांना तशी सवलत नसते. परवा बायको भाजीला गेल्याची खात्री करून मी श्रीरामपूरला फोन लावला आणि हळूच विचारलं, "मामा, बाकाची कड नक्की किती घ्यायची?"