बाबांची साक्ष
खोबरेल तेलाचा वास आला की मला म्हैसूरमधल्या चर्चचं ते छोटं ऑफिस आठवतं. माझी होणारी बायको कॅथलिक, मी हिंदू, त्यामुळे लग्नाआधी माझ्या बाजूच्या कोणीतरी फादरसमोर साक्ष द्यायची होती. बाबा आईला गाडीत झोपवून सोलापूरहून आले होते. पक्षाघातानं नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईची वेणीफणी म्हैसूरच्याच अग्रहार भागातल्या माझ्या खोलीवर उरकून ते तसेच आले, त्यामुळे त्यांच्या हातांना तेलाचा वास येत होता. फादरना मराठी येत नव्हतं आणि बाबांना इंग्रजी, म्हणून माझ्याबद्दलच्या साक्षीचा दुभाष्या मीच झालो. फादरनी फॉर्ममध्ये बघत विचारलं, "लग्न एकाच व्यक्तीशी आणि मरेपर्यंत असतं, हे तुमच्या मुलाला कळलंय का?" बाबा शांतपणे म्हणाले, "नऊ वर्षं हा मला त्याच्या आईची वेणी घालताना बघतोय. एवढ्यानं कळलं नसेल, तर सही करून काय कळणार?" सांगताना माझा आवाज अडखळला. "नीट सांग, काही गाळू नकोस," बाबा म्हणाले. ऐकून फादरनी पेन खाली ठेवलं, ते उठले आणि बाबांना फाटकापर्यंत सोडायला आले. मी मागून चालत होतो, इतक्या ताठ मानेनं मी कधीच चाललो नव्हतो. परवा बायकोचा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा मी पहिल्यांदाच तिची वेणी घातली. वाकडीच झाली. आरशात बघून ती म्हणाली, "असू दे. बाबांनी फादरना खोटं सांगितलं नव्हतं."